दार किती उघडायचं

घरात दुसरा संगणक आला की मराठी गृहस्थाच्या मनात दोन इच्छा एकदमच जन्म घेतात. एक, लग्नाचे, मुंजीचे आणि महाबळेश्वरचे फोटो घरातल्या सगळ्या यंत्रांवर दिसावेत. दोन, ते बाहेरच्या कुणालाही दिसू नयेत. पहिली इच्छा फाइल शेअरिंग पुरवतं, दुसरी फायरवॉल. दोघं एकाच संगणकात राहतात, आणि एकाला जे हवं असतं तेच दुसऱ्याला नको असतं. मग गृहस्थ हॉलमधून बेडरूममध्ये पेनड्राइव्ह घेऊन चालत जातो. वर कोपऱ्यात राउटर हिरवा दिवा लुकलुकवत हे सगळं बघत असतो.

फायरवॉलचा स्वभाव म्हणजे ओटीवर बसलेल्या जुन्या आजीचा. घरातल्या कुणी हाक मारून बोलावलेल्या माणसाला ती काही विचारत नाही. आपण एखादं संकेतस्थळ उघडलं की त्याचं उत्तर निमूट आत येतं. न बोलावता आलेल्याला मात्र, ‘कोण रे तू? कुणाचा?’ आणि फाइल शेअरिंगची पंचाईत हीच, की शेजारच्या खोलीतला लॅपटॉप फोटो मागायला येतो तो न बोलावताच येतो. संगणकाची दारं ६५,५३५ पर्यंत मोजलेली असतात. फाइलींची देवाणघेवाण त्यातल्या ४४५ क्रमांकाच्या दारातून होते, जुन्या यंत्रांची १३७ ते १३९ मधूनही. म्हणजे प्रश्न एवढाच, की ४४५ चं दार कुणासाठी उघडायचं.

एके काळी हा प्रश्न विचारणारंच कुणी नव्हतं. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद. चालू केली तर शेजारच्या खोलीतल्या यंत्रालाही ती परकं समजायची, म्हणून शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नसत. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या दारातून शिरला. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक आपसूक बंद व्हायचा. वर्षभराने आलेल्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू होती. शिवाय फाइल शेअरिंगला वाट द्यायची ती ‘फक्त आपल्या नेटवर्कपुरती’, हा शहाणपणाचा पर्यायही तिच्यात होता.

त्या काळात झोनअलार्मसारख्या फुकट फायरवॉलचीही चलती होती. ती आतून बाहेर जाणाऱ्यालाही अडवायची आणि मालकाला विचारायची, ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस’ला बाहेर जायचं आहे, सोडू का? एवढं भारदस्त नाव असलेल्याला नाही म्हणायची आपली काय प्राज्ञा! पहिल्या दिवशी माणूस प्रत्येक प्रश्न चष्मा लावून वाचायचा. चौथ्या दिवसापासून बोट परस्पर ‘अलाऊ’वर पडायचं. पहारा जितका बडबडा, तितकं मालकाचं लक्ष कमी.

म्हणून निवडीबाबत माझं मत आता आळशीपणाच्या अंगाने जातं. विंडोजबरोबर येणारी फायरवॉल घरासाठी पुरते. तिच्या जोडीला दुसरी आणली, की एकीत उघडलेलं दार दुसरीत बंद राहतं आणि रविवार जातो. शिवाय राउटरही आपल्या परीने पहारा देतोच. घरातल्या यंत्रांचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्याला त्या पत्त्यावर थेट पोचता येत नाही. फक्त राउटरमध्ये ४४५ चं दार आपल्या हाताने बाहेरच्या दिशेला उघडून ठेवू नये. ते उघडं ठेवणाऱ्यांचं काय होतं, हे १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या वर्मने दाखवलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यात खोळंबली. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण अपडेटला ‘नंतर बघू’ म्हणणारे जगभर आहेत.

राहता राहिली मांडणी. विंडोज विचारतं, हे नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट? इथे सज्जन माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, फोटो सगळ्यांना दाखवायचेत, मग पब्लिकच. वास्तविक घराला प्रायव्हेट म्हणायचं, आणि स्टेशनवरच्या किंवा कॅफेतल्या वायफायला पब्लिक. मग प्रायव्हेटपुरतं फाइल शेअरिंग सुरू करायचं. एवढ्यावर काम होतं. पण घरोघरी एक संगणकातला पुतण्या असतो. तो म्हणतो, ‘काका, फायरवॉल बंदच करून टाका ना पाच मिनिटं.’ फोटो लगेच दिसतात, पुतण्या चहा पिऊन जातो, आणि ती पाच मिनिटं पुढच्या दिवाळीपर्यंत चालतात.

‘आपल्या नेटवर्कपुरतं’ म्हणण्यातही एक गोम आहे. फायरवॉल पत्ता बघते, माणूस नाही. हल्लीचे पाहुणे पाण्याआधी वायफायचा पासवर्ड मागतात. तो दिला की त्यांचा फोनही १९२.१६८ वाला, म्हणजे घरचाच. म्हणून राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, ते वापरावं. आणि अधूनमधून फायरवॉलची परवानग्यांची यादीही वाचावी. कधीच विकून टाकलेला प्रिंटर, मुलगा दहावीत असतानाचा गेम, असे कितीतरी जण तिथे अजून मुक्काम ठोकून असतात.

शेवटी फोल्डर कुणाला द्यायचं, असा प्रश्न येतो, आणि यादीत ‘एव्हरीवन’ हे नाव असतं. विश्वबंधुत्व म्हणून ते छानच, पण त्यापेक्षा एकेकाचं नाव लिहावं, पासवर्ड द्यावा आणि परवानगी ‘रीड’ एवढीच ठेवावी. मंडळींना सगळं बघता येतं, काही बदलता येत नाही. नातेवाइकांना आपल्या संसाराची परवानगी देताना हा पर्याय कुठल्या खिडकीत असतो, तेवढं मात्र पुतण्यालाही सांगता आलेलं नाही.