शेठचा कडता

गेवराईत कापसाचा खरेदीदार ओळखायचा असेल तर तोंड बघू नका, उजवा हात बघा. टेम्पोतल्या ढिगात तो कोपरापर्यंत आत जातो, तळातला कापूस मुठीत दाबतो आणि बाहेर येता येता निकाल देतो, ‘चौदा टक्के वल हाय, पाटील.’ सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर याच कामाला यंत्र लागतं. तिथं ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, १२ च्या पुढं गेला की गाडी माघारी. शेठला यंत्राची गरज नाही. रात्री पाणी मारलंय की पहाटेचं दव आहे, हेसुद्धा त्याचा तळवा सांगतो, आणि दोन्हींसाठी वजनातून कडता सारखाच कापतो.

या तळव्याची अब्रू सध्या त्याची दोन वर्षांची लेक घालवत आहे. दुकानातल्या गादीवर ती बसलेली असताना शेठ अधूनमधून तिच्या चड्डीला हात लावतो, ‘कोरडी हाय,’ असं स्वतःशीच म्हणतो, आणि हात काढून घेईपर्यंत माल भिजलेला असतो. वर ती टाळ्या वाजवते. ही गाडी माघारी पाठवता येत नाही.

असा बाप एकच नाही. मादळमोही, उमापूर, धोंडराई, जिथं जिथं दसऱ्यानंतर काटा लागतो तिथं तो सापडेल. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर, आईचे गुडघे धरलेले, आणि दुकान घराच्याच ओट्यावर. त्यामुळं लेकरू सांभाळणं हे काही काम नव्हे, ते धंदा करता करता होतं, अशी त्याची समजूत. ही समजूत रोज सकाळी साडेनऊपर्यंत टिकते. साडेनऊला बायकोची स्कूटी वळणाआड जाते.

राक्षसभुवन आमच्याच तालुक्यातलं. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं निजामाचं निम्मं सैन्य गोदावरी उतरून पलीकडं गेलेलं होतं, आणि दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर मराठ्यांच्या तावडीत सापडले. मधे पूर. पलीकडून निजाम अली नुसता बघत राहिला. शाळेत शेठनं ही लढाई माधवराव पेशव्यांच्या बाजूनं पाठ केली होती. विठ्ठल सुंदरांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते त्याला हल्ली रोज कळतं.

लढाईची सुरुवात पावतीपुस्तकापासून होते. मग गल्ल्यातली नाणी. ती तोंडात जातात म्हणून शेठनं गल्ला वरच्या फळीवर ठेवला, आणि तेव्हापासून सुट्टे मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्याला स्टुलावर चढावं लागतं. पण बाईसाहेबांचं खरं राज्य मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगात. तिथं ती उडी मारते आणि गुडूप होते. मग दोन हमाल, एक मापाडी आणि स्वतः शेठ श्वास रोखून पैंजणाचा आवाज ऐकत उभे राहतात. बाहेर भाव थांबलेला असतो. सापडते तेव्हा केसांत रुई आणि मुठीत सरकी. मग सगळ्यांत आधी नाक तपासायचं. खोलीला दार लावा, असं आजी रोज सांगते. शेठ सुताराला रोज निरोप पाठवतो. सुतारालाही लेकरू आहे.

भाव करण्यात शेठचा हात कुणी धरत नाही. रुमालाखाली बोटं दाबून त्यानं भल्याभल्या दलालांना घाम फोडलाय. लेकीशी सौदा साधाच असतो: दूधभाकरीचा एक घास, मग एक बिस्कीट. तिला आकडा एकच येतो, ‘दोन.’ शेठ दोनावर येतो. ती बिस्किटं आगाऊ घेते, खाते आणि घासाला तोंड मिटून घेते. समोरचा ऊसतोडीचा मुकादम हे बघून पोट धरून हसला होता. ‘उचल घिऊन टोळी पळाली, शेठ! आता कळलं का आमचं दुखणं?’

त्याच्या टोळ्या जायच्या दिवसांत लेकीला रस्त्यावर न्यावंच लागतं. ‘टॅक्टल’ बघितल्याशिवाय ती झोपत नाही. ऊसतोडीला निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर धुळे-सोलापूर महामार्गाला लागतात. वर भांडी, सरपण, कोंबड्या, आणि त्या पसाऱ्यात आईनं मांडीत घट्ट धरलेलं एखादं लेकरू. ही टाटा करते, तेही करतं. त्याच्या बापाला लेकरू ऐकत नाही म्हणून तक्रार करायला उसंत कुठली? पहाटे तो तोडीला असणार, आणि लेकरू फडाच्या कडेला पाचटावर. शेठ या मुकादमाला व्याजानं पैसे देतो, त्यामुळं तो या विषयावर फार वेळ विचार करत नाही. शिवाय करू देणार कोण? तेवढ्यात मिशी ओढली जाते.

गेल्या महिन्यात अंगणवाडीत बाईसाहेब वजनाच्या झोळीत बसायलाच तयार नव्हत्या. रडून रडून उलटी झाली. शेवटी ताई रजिस्टर घेऊन दुकानातच आल्या. शेठ म्हणाला, ‘एवढा इलेक्ट्रॉनिक काटा असताना कशाला तरास?’ लेकीला कडेवर घेऊन तो काट्यावर उभा राहिला, मग तिला खाली ठेवून एकटाच उभा राहिला, मनात वजाबाकी केली आणि नेहमीच्या सुरात आकडा पुकारला, ‘साडेआठ.’

ताईंनी तक्त्यावर बोट फिरवलं, आणि ते जिथं थांबलं तिथं त्यांचा चेहरा उतरला.

‘शेठ, कमी वजनात जातंय की लेकरू. खात नाही का?’

आजी गुडघे विसरून बाहेर आली. ‘खात न्हाई? अवो ताई, सकाळधरनं माझं डोकं खाल्लंय तिनं! परत मोजा.’

परत मोजलं. या वेळी आकडे ताईंनी वाचले आणि वजाबाकीही त्यांनीच, कागदावर केली. साडेदहा.

‘मग मघाशी दोन किलो कुठं गेले?’

शेठ पावतीपुस्तक चाळू लागला. टेम्पोला टेकून बसलेला एक म्हातारा शेतकरी तोंडातली तंबाखू थुंकून उठला.

‘जात्यात कुठं, ताई. कडता कापला त्येनं.’ मग शेठकडं बघून म्हणाला, ‘पोटच्या लेकीला बी सोडलं न्हाईस व्हय रं? मग आमचं काय घिऊन बसायचं!’