मार्गदर्शक नेमण्याची शास्त्रोक्त पद्धत

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना मार्गदर्शन भरपूर मिळावं आणि नोकरी मात्र जिथल्या तिथे राहावी, यासाठीची पद्धत आता बरीच रुळली आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांपुरती ती इथे दिली आहे.

आधी पाहुणा ठरवावा. तो पुण्याचा असावा, म्हणजे शाल-श्रीफळाला वजन येतं. शिरूरला रेल्वे नाही आणि नगर रस्त्याला वाघोलीची कोंडी आहे, तेव्हा तो उशिरा येणार हे धरूनच मुलांना सकाळपासून बसवून ठेवावं. पाहुण्याने स्वप्नं मोठी पाहायला सांगावीत. सुरुवातीचा पगार हातात किती पडतो, हे चुकूनही सांगू नये.

मग कागद. नॅकच्या मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारलं जातं, म्हणून प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे मुलांची यादी लावावी. भेटींच्या नोंदी समिती येण्याच्या आदल्या रात्री भराव्यात, पण पेनं बदलून. ‘विद्यार्थ्याशी चर्चा केली, समाधानकारक’ हे वाक्य कुठेही चालतं.

बायोडेटा झेरॉक्सच्या दुकानातून घ्यावा. तिथे नमुना तयार असतो, नाव बदललं की झालं. त्यात उंची, रक्तगट आणि छंद हवेतच. पुढे लग्न जमवतानाही तोच कागद कामी येतो. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्याला बी.एस्सी. झालेल्याकडून एवढंच जाणून घ्यायचं असतं, की टायट्रेशन त्याने स्वतः केलं की शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवले. तेवढा तपशील गाळावा.

ही सगळी घडी विस्कटणारा एक इसम मात्र प्रत्येक गावात असतो: दोन वर्षांपूर्वी पास झालेला सीनियर. त्याला शाल कोणी देत नाही. तो रांजणगावच्या एमआयडीसीत पाळी संपवून येतो, कॉलेजबाहेरच्या टपरीवर मुलाला समोर बसवतो आणि स्वतःच एचआर होतो. “स्वतःबद्दल सांग.” मुलगा गावापासून सुरू करतो, आजोबांपर्यंत पोचतो. “थांब. काय येतं ते सांग.” मग खरी माहिती निघते. कंपनीच्या रोलवर घेतात की कॉन्ट्रॅक्टवर, पीएफ कापून हातात काय येतं, रात्रपाळी किती, बस कुठून सुटते. एलजी, व्हर्लपूल, फियाट म्हणजे सगळे इंजिनिअर, अशी समजूत करून घेतलेल्या बी.कॉम.च्या मुलाला स्टोअर्स, डिस्पॅच आणि बिलिंगचीही खाती असतात, हे पहिल्यांदा इथे कळतं. मुलींच्या बाबतीत घरचं गाडं अनेकदा पगारापेक्षा बसवर अडतं. त्याचं उत्तर तिथे कामाला जाणारी एखादी ताईच देऊ शकते.

या इसमाला परदेशी संशोधकांचीही फूस आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवून दिलं, की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते. जिवलगांना तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपल्याला. अलीकडे युगांडात व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलांना कामाला लागलेल्या तरुणांशी जोडून देण्याचा प्रयोग झाला. मुलांना फायदा झाला, पण तो मुख्यतः ओळखीने चिकटवल्यामुळे नव्हे, तर सुरुवातीची नोकरी कशी असते हे खरं खरं कळल्यामुळे. आमदारांच्या चिठ्ठीवर श्रद्धा असलेल्या तालुक्यांना हा निष्कर्ष पचणं अवघड आहे.

दौंडचं प्रकरण निराळं. तिथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 असल्याने वर्दी रोज डोळ्यांसमोर असते आणि पहाटे धावणाऱ्यांना तोटा नसतो. अशा मुलाला ‘भरतीचा नाद सोड’ म्हणणारा मार्गदर्शक पहिल्याच दिवशी बाद होतो. शहाणा सीनियर म्हणतो, “धाव, पण धावताना हातात काहीतरी असू दे.” मग तो 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं नाव काढतो: पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन. कायम नोकरीची हमी त्यात नाही, हेही तो त्याच दमात सांगतो. पाहुणा असता तर हे दुसरं वाक्य आभारप्रदर्शनात वाहून गेलं असतं.

तेव्हा रांजणगाव किंवा कुरकुंभात चिकटून वर्ष-दोन वर्षं झालेल्यांनी एका सुट्टीला आपल्या जुन्या कॉलेजात जावं, आणि येताना पगाराची पावती बरोबर आणावी.