न उडालेला बार

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला रायफलची काडतुसं घरच्या घरी भरायचा छंद जडला आहे. उडालेल्या पितळी नळ्या वेचायच्या, घासूनपुसून साच्यातून काढायच्या, मग नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. काही अडलं की रविवारी सकाळी गोराईला फोन. का, तर मामा मेकॅनिक. मामाचा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेला, ही बाब तो जमेस धरत नाही.

"मामा, नळीच्या मानेला चीर जाते रे."

"एकच नळी कितीदा भरतोस?"

"मोजलं नाही."

पितळ पुन्हा पुन्हा दाबलं-ताणलं की कडक होतं आणि मग तडकतं. म्हणून तर तांबट भांडं ठोकताना मध्येच तापवून ते मऊ करून घेतो. तिकडेही म्हणे नळीची मान तशीच तापवतात. एवढं जुळलं आणि माझा भाव वधारला.

आपल्याकडे हा उद्योग करायचा म्हटलं, तर 1959 चा शस्त्र कायदा आडवा येतो. काडतूस बनवायलाही परवाना लागतो. शिवाय नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिंपिकला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यातलं पॉइंट टू-टूचं काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि घोडा पडला की ती कडच चेपते. कायद्याचं निम्मं काम काडतुसानंच उरकलेलं.

भाच्याच्या तक्रारींतली एक मात्र मला फार आवडली. चाप ओढला, टक् झालं, पुढे काहीच नाही. अशा वेळी बंदुकीची नळी निशाण्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट गप्प राहायचं. ठिणगी दुबळी पडली, दारू सर्दावली, की बार उशिरानंही होतो.

अर्धा मिनिट! इथे खाडीतल्या बोटीचं इंजिन जरा खोकलं, की अर्धी बोट वाकून त्यात डोकावते. सुतळी बाँब फुटला नाही, की पोरं जवळ जाऊन फुंकर घालतात. पलीकडे विपश्यना पॅगोडाच्या आवारात माणसं दहा दहा दिवस न बोलता बसतात म्हणे. ती बहुधा बाहेरगावची असावीत.

घाई आपल्या रक्तातच आहे. मे 1739 मध्ये, इथून उत्तरेला खाडीपल्याड, चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईच्या तटाखाली सुरुंग लावले. काही उडाले, खिंडार पडलं, लोक आत घुसले. आणि मागे राहिलेला सुरुंग तेव्हा उडाला. आपलीच माणसं गेली.

हे सगळं भाच्याला रंगवून सांगितलं.

"मी थांबलो होतो मामा," तो म्हणाला. "पण मागून हिनं विचारलं, काय झालं? म्हणून वळलो."

"बंदुकीसकट?"

तिकडून उत्तर येईना. यावर मामानंही अर्धा मिनिट थांबावं, असा नियम माझ्या तरी ऐकिवात नाही.