कार्टूनच आहे, बघू दे!

रविवारी नाशिकच्या कुठल्याही मल्टिप्लेक्सच्या दारात उभे राहा. कडेवर अडीच वर्षांचं पोर, बोटाला आठ वर्षांचं, उरलेल्या हातात पॉपकॉर्न. ‘पोरांना झेपेल का रे?’ असं आजीनं विचारलंच तर उत्तर तयार असतं. ‘आई, कार्टूनच आहे, बघू दे!’

कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हे ठरवलं कुणी? काढणाऱ्यांनी तरी नाही.

२५ जुलै २०२५ ला ‘महावतार नरसिंह’ लागला आणि घरंच्या घरं थिएटरात लोटली. गोष्ट आपल्याला पाठ आहे. बाप पोटच्या पोराला कड्यावरून लोटतो, हत्तीच्या पायी देतो, आगीत बसवतो. मग खांब दुभंगतो. आईबापांना काळजी एवढीच, की नरसिंहाची नखं बघून धाकटा घाबरायला नको. आणि थोरला? तो गप्प बसलाय म्हणून ठीक आहे, असं समजायचं?

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती याच विषयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं साधं आहे. तीन-चार वर्षांचं मूल दिसण्याला घाबरतं: दात, नखं, अक्राळविक्राळ तोंड. आठ-नऊ वर्षांचं मूल घडू शकणाऱ्या गोष्टीला घाबरतं. म्हणजे धाकट्याला नखं भिववतात आणि थोरल्याला बाप.

धाकटा रडून मोकळा होतो. थोरला रात्री जागा असतो.

आता दुसरी बाजू. काही घरांत सगळ्यालाच बंदी. ‘कोवळ्या मनावर परिणाम होतो.’ बरं, मग पंचवटीत राहता कशाला? इथे तपोवनात शूर्पणखेचं नाक कापल्याची जागा दाखवतात. सीतागुंफेत पोरांना वाकवून, सरपटवून आत नेतात आणि सीतेला पळवलं ते इथूनच, असं सांगतात. भीती वगळून पंचवटी दाखवायची तर दाखवणार काय, पार्किंग?

आपल्या गोष्टी तरी कुठे मऊ आहेत? भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीची वाट वाघ अडवतो, तो तिला खायलाच. श्रावणबाळ बाणानं मरतो. रोहिदासाला साप चावतो. या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितल्या गेल्या आणि मुलांनी पुन्हा पुन्हा मागून ऐकल्या. वाघ काढून टाका आणि भोपळ्याची गोष्ट सांगून बघा. ‘पुढे काय झालं?’ असं कुणी विचारणार नाही.

आणि बंदी घालणारे हेच पालक जेवणाच्या ताटावर काय म्हणतात? ‘घास घे, नाहीतर बुवा येईल.’ ‘पोलिसाला देईन.’ ‘डॉक्टरकाका सुई टोचतील.’ या भीतीला ना गोष्ट, ना शेवट. म्हातारी निदान लेकीकडून धडधाकट घरी येते. बुवा रोजच्या रोज दारात उभाच.

गंगापूर रोडला बिबट्या शिरला की काय होतं ते आठवा. सीसीटीव्हीचं फुटेज दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर येतं. कुत्र्याला ओढून नेताना, माणसावर झेप घेताना. ते पोरांसमोर पाच-पाचदा लावलं जातं, वर ‘बघ बघ, कसा आला’. चित्रातल्या वाघावर चर्चा करायची आणि खरा बिबट्या जेवताना दाखवायचा.

जगात हा वाद जुनाच आहे. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ला १९३८ साली ब्रिटनच्या सेन्सॉरनं ‘ए’ दिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ, मुलांबरोबर मोठं माणूस हवं. १९४२ मध्ये ‘बँबी’ची आई मेली, १९९४ मध्ये सिंबाचा बाप मुफासा. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संशोधकांनी चक्क मोजदाद छापली. मुलांच्या ४५ ॲनिमेशनपटांत मुख्य पात्रांच्या मरणाचा धोका मोठ्यांच्या सिनेमांपेक्षा अडीचपट. जपान्यांनी तर १९८८ मध्ये ‘टोटोरो’सोबत एकाच खेळात ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ लावला. एकात गुबगुबीत वनदेव, दुसऱ्यात युद्धात उपासमारीनं मरणारी भावंडं. तिकीट एकच.

आपल्याकडे २०१६ मध्ये ‘जंगल बुक’ला यूए मिळालं तेव्हा देशभर हशा पिकला. मोगलीला यूए? थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर येतात, असं सेन्सॉरचं म्हणणं. हसलो आपण. पण शेरखान पडद्यातून झेपावतो तेव्हा चार वर्षांचं मूल काय करतं, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं होतं?

२०२३ मध्ये कायदा बदलला. यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+, १६+. बहुतेकांना हे माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं, दारावरचा माणूस बघून घेईल. नाही बघणार. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की यूएचा आकडा आईबापांच्या माहितीसाठी आहे आणि त्यांच्याखेरीज कुणी तो लागू करायचा नाही.

म्हणजे सेन्सॉर आता तुम्ही आहात. आणि तुम्ही पॉपकॉर्नच्या रांगेत!

या बाबतीत शिकायला लांब जायला नको. फाळके आपले. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. अखेर नाशकात, १९४४ला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण मुलांना खेळायला नेतो. चित्रपट मात्र दाखवत नाही. आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, तेव्हा भारतात ॲनिमेशन हा शब्दही कुणी ऐकला नसेल. पण आजच्या पालकांनी बघावा तो १९१९चा ‘कालिया मर्दन’.

त्यात बाळकृष्ण आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके काय करतात? मुलीला तशीच कॅमेऱ्यापुढे बसवतात. ती हसते, रागावते, रडवेली होते. एकामागून एक भाव. मग तिचाच कृष्ण होतो आणि तो डोहात उडी घेतो. फाळक्यांना लेकीचा अभिनय दाखवायचा होता, हे उघड आहे. पण त्यानं आणखी एक काम झालं. थिएटरातल्या पोरांना नागाच्या आधी कळलं, की ही आपल्यासारखीच एक मुलगी आहे आणि हा खेळ आहे.

आधी ओळख, मग भीती. शंभर वर्षांपूर्वी, मुका सिनेमा असताना. आपल्याला मात्र ट्रेलर बघायलाही वेळ नाही.

हे थोरल्यासाठी. धाकट्याला ‘खोटं असतं रे’ म्हणून उपयोग नसतो, हेही कँटर यांच्याच अभ्यासात आहे. त्याला समजावणं पोचत नाही. त्याला मांडी लागते, पांघरूण लागतं, पाण्याचा घोट लागतो. सिनेमा बघणाऱ्या बापाची मांडी मात्र मोबाइलनं अडवलेली.

खरा घोळ थिएटरात नाहीच, तो घरी आहे. थिएटरात निदान शेजारी कुणी बसलेलं असतं. घरी पोराच्या कानात हेडफोन, हातात फोन आणि एक संपलं की आपोआप दुसरं. २०१७ मध्ये जगभर ओरड झाली, की ओळखीच्या कार्टूनची तोंडं लावून हिंसक, विकृत व्हिडिओ मुलांपुढे येताहेत. यूट्यूबला ते ढिगानं काढावे लागले. आईबाप तेव्हा कुठे होते? पलीकडच्या खोलीत. पोर शांत आहे, या आनंदात.

शांत पोर म्हणजे सुरक्षित पोर, हा आपला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज.

रडण्याचंही तेच. मुफासा मेल्यावर पोराच्या डोळ्यांत पाणी आलं की बाप दटावतो, ‘काय मुलीसारखा रडतोस?’ अहो, जिवाभावाचं कुणीतरी मेलं की रडायचं असतं, हे तो शिकतोय. उद्या घरात आजोबा जातील तेव्हा कामी येईल. ते पाणी पुसायची घाई कसली? आणि मुलीनं रडायचं, मुलानं नाही, हे तुम्हाला कुठल्या सिनेमानं शिकवलं?

मुलांना भीती वाटू द्या. वाईट वाटू द्या. पण एकट्याला नको आणि वयाच्या आधी नको. सात वर्षांच्या आतल्या मुलाला अंधाऱ्या हॉलमध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, दोन तास डांबून ठेवायचं कारण काय? तिकीट काढलंय म्हणून?

पुढच्या वेळी बुकिंग करताना सीटच्या आधी यूएपुढचा आकडा बघा. गोष्ट पोराला घरीच सांगून टाका, शेवटासकट. हॉलमध्ये फोन खिशात ठेवा. आणि पोर कानाशी येऊन ‘बाहेर चल’ म्हणालं, तर मध्यंतराची वाट बघू नका. उठा.