गाढवाची पारख

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, शेवटच्या दिवशी जावं, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी विचारलेलं नसतानाही देतो. अक्षता, होम, दारूकाम उरकलं की हौशी माणसं घरी जातात. त्यानंतर होम मैदानावर उरतात ते पाळणे, धूळ आणि माझ्यासारखे जाणकार. भाव पडलेले असतात, पाळणेवाल्यात वाद घालायचं त्राण नसतं, आणि ओळखीचं कुणी भेटलंच तर निवांत बोलता येतं.

यातलं शेवटचं कारण जरा महत्त्वाचं. इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझं सदर येतं. सदरावर फोटोही असतो, लहान असला तरी चष्म्यासकट. पुण्याहून भाची आलेली असताना गड्ड्यात चार माणसांनी थांबून ‘सर, परवाचा लेख झकास’ म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. चार हा आकडा मी विनयानं सांगतोय.

भाची कॉमिक कॉनवाली. म्हणजे शिकते कॉम्प्युटर, पण जगते कॉमिक कॉन नावाच्या कॉमिकवेड्यांच्या जत्रेसाठी. “मामा, तिथंपण शेवटच्या दिवशीच खरी मजा. पोस्टरं निम्म्या किमतीत, आणि सोंगं घेतलेले सगळे दमून भिंतीला टेकून समोसे खात बसलेले.” मग तिनं मला इतिहास सांगितला : अमेरिकेत सॅन डिएगोला हा प्रकार १९७० साली एका हॉटेलात सुरू झाला, आपल्याकडं २०११ साली दिल्लीत. मी शांतपणे म्हणालो, “आमचे सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले.” पुढं असंही म्हणणार होतो, की नंदीध्वजामागून पांढऱ्या बाराबंदीत हजारो माणसं चालतात, तो आमचा कॉस्प्ले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “बाराबंदीला सोंग म्हणालात, तर उद्यापासून चहा बंद.” बायको सोलापूरची. विषय तिथंच संपला.

तर मी, बायको आणि आमचा चिंट्या निघालो, आणि भाची निघाली नारुतो या जपानी कॉमिकातला तिचा तो काळा झगा घालून. त्यावर लाल ढग. मला वाटलं, गड्ड्यात गर्दी जमेल, हसं होईल, आणि मग मला मोठ्या मनानं तिची बाजू घ्यावी लागेल. कुणी वळूनही पाहिलं नाही. बांगड्यांच्या स्टॉलजवळ एका बाईंनी तिला फक्त अदबीनं विचारलं, “ताई, तुमचा खेळ किती वाजता हाय?”

मला मात्र कुणी काहीच विचारेना. भजीवाल्याकडं थांबलो, रसवाल्याकडं थांबलो, चेहरा उजेडात राहील असा उभा राहिलो. शेवटी एक गृहस्थ माझ्याकडं टक लावून बघू लागले. मी चष्मा सारखा केला, ओठांवर स्मित आणलं. ते म्हणाले, “सरका की ओ जरा. गाढव दिसंना झालंय.”

गाढवाचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मालक प्रश्न विचारतो, गाढव रिंगणात फिरतं आणि उत्तर ज्याच्यात असेल त्याच्यासमोर उभं राहतं. “बोल राजा, बायकोला कोण भितंय?” राजा एका दणकट हवालदारासमोर थांबला. मंडप हसला, हवालदारही हसला, पण थोडं उशिरा. “उधारी कोण बुडवतंय?” एका तरुणानं आधीच काढता पाय घेतला. मग मालकानं आवाज लावला, “आता असा मानूस शोध, जो सोताला लई शाना समजतोय!”

राजा निघाला. गळ्यात निळे मणी, डाव्या कानाची कड फाटलेली. एक चक्कर पूर्ण, दुसरी अर्धी, आणि तो माझ्यासमोर थांबला. नुसता थांबला नाही, ओलं नाक पुढं करून त्यानं माझ्या खिशातल्या दोन्ही पेनांचा वास घेतला. त्या अख्ख्या मैदानात मला ओळखणारा एकच निघाला.

आता यात चमत्कार काही नाही, हे मी तिथल्या तिथं भाचीला आणि आजूबाजूच्यांना समजावून सांगितलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितमास्तरांनी त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली होती. सहा अधिक तीन विचारलं की घोडा नऊ वेळा टाप आपटायचा. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ताडलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडा नापास होतो. घोड्याला गणित येत नव्हतं, त्याला माणसं वाचता येत होती. टापांचा आकडा उत्तरापर्यंत पोचला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, आणि घोडा थांबायचा. बिचाऱ्या मास्तरांनी फसवलं नव्हतं. आपण मान हलवतो हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. १९०७ साली हे सगळं पुस्तकरूपानं आलं. तेव्हा या गाढवाच्या बाबतीत, मी म्हणालो, एक तर मालक दोरीला हिसका देतो, नाही तर...

“नाही तर काय, मामा?” भाची म्हणाली. तिचा मोबाईल माझ्यावर रोखलेला होता. “त्यानं प्रश्न विचारला ना, तेव्हा मी, मामी आणि चिंट्या, आम्ही तिघंही तुमच्याकडंच बघत होतो.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काय बोलूलालंय बे हे मघापासनं. खेळ होऊ द्या की.”

बाहेर आलो, तर निम्मे स्टॉल उतरू लागलेले. बांगड्यांच्या त्याच बाई पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होत्या. एक गृहस्थ, हातात मोटारीची किल्ली, चाळीसचा जोड दहाला मागत होते. “आज नाही दिलं तर वायाच जाणार तुझं.” माझं डोकंच फिरलं. वाया कसं जाईल? हा माल टेम्पोत चढेल, पुढच्या जत्रेत उतरेल. वाया जातात त्या तिच्यासोबत जत्रा फिरणाऱ्या पोराच्या शाळेच्या चाचण्या, आणि त्यांचा भाव कुणी करत नाही. हे मी त्यांना ऐकवलं, बऱ्यापैकी मोठ्यानं. भाचीनं माझ्या हातातल्या लोणच्याच्या बरणीकडं पाहिलं. ती मी वेगळ्या तत्त्वावर घेतली होती.

पाळण्यापाशी तिनं विचारलं, “मामा, तुम्ही लहानपणीपण शेवटच्या दिवशीच यायचात?”

यायचो. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, हात चालू आणि तोंडही चालू. मजुरी हजार विड्यांवर. जानेवारीभर वर्गातली पोरं मौत का कुआँच्या गोष्टी सांगायची, आणि आम्हा भावंडांना आई न्यायची ती थेट शेवटच्या संध्याकाळी, कारण तेव्हा पाळणेवाला एका तिकिटात दोन पोरं बसवायचा. तोवर ती मौतीची विहीर निम्मी उतरलेली असायची. फळ्यांवर खडूनं आकडे टाकलेले, आणि माणसं त्या आकड्यांच्या क्रमानं ट्रकमध्ये रचत असायची. फटफटी भिंतीवर चढताना मी फार उशिरा पाहिली; पण विहीर कशी सुटते, कुठली फळी आधी निघते, यावर मी वर्गात व्याख्यान द्यायचो. आई म्हणायची, पहिल्या दिवशी जाणाऱ्यांना काय कळतंय, खरा गड्डा शेवटी. आम्हाला ते पटलेलं होतं. तिला पटलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. माझं ते ठाम मत मूळचं तिचं.

भाची काही बोलली नाही. एवढं सांगून मी विहिरीच्या फळ्या बघायला पुढं गेलो, कारण तिथं एक पोरगा आकडे चुकीच्या क्रमानं लावतोय असं मला वाटलं. त्याला समजावण्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. वळून बघतो तो माझ्या मंडळींपैकी कुणी नाही. पोरं हरवतात, तसे हे तिघं हरवले होते. मी जबाबदार माणूस म्हणून चौकशीच्या मांडवाकडं निघालो, तोच भोंगा खरखरला.

“लक्ष द्या. पुण्याहून आलेल्या मुलीचे मामा हरवले आहेत. उंची बेताची, चष्मा, हातात बरणी, खिशात दोन पेनं. सापडल्यास मांडवात आणून सोडावं. बोलत असतील, तर बोलू द्यावं, आपोआप येतील.”

मग तेच कन्नडमध्ये झालं, मग तेलुगूत. शेजारच्या रसवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, बरणीकडं पाहिलं आणि चरक थांबवून हाक मारली, “ओ मामा, तुमचंच नाव चाललंय!” मी त्याला जरा थांब म्हणालो. हिंदीतलं अजून यायचं होतं.