चोराने धक्का मारला होता का?

पुण्यातल्या खराडीत देव मानणारे आणि न मानणारे एकाच लिफ्टने ये-जा करतात. मोबाइलच्या विम्यावर मात्र दोघांचीही सारखीच श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेचं कारणही एकच आहे: पोथी कोणीच उघडलेली नाही.

बरं, हा भाग अडाण्यांचा म्हणावा तर तसंही नाही. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचांमागे बसून साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांचा कारभार हाकणारी माणसं इथे जिन्याजिन्यावर भेटतात. आमच्या सोसायटीतले एक टीम लीड त्यांतलेच. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीत दावा नाकारायचा झाला, तर कारण निवडायला जी यादी स्क्रीनवर उघडते, ती यांनी बसवलेली. यादी लांबलचक आहे आणि तिचा त्यांना अभिमानही आहे. या गृहस्थांनी स्वतःचा साठ हजारांचा फोन घेताना मात्र ‘अटी मान्य आहेत’ या चौकोनावर अंगठा टेकवला आणि ते निर्धास्त झाले. पूर्वी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्याला निदान वाचता तरी येत नव्हतं.

त्या दिवसापासून तो फोन कुठेही दिसू लागला. स्कूटरच्या हँडलवर, भाजीवाल्याच्या वजनकाट्याशेजारी, गच्चीच्या कठड्यावर. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं, ‘‘असू द्या हो, इन्शुरन्स आहे.’’ आता पॉलिसी म्हटली की मालकाने वस्तूची वाजवी काळजी घ्यावी, अशी अट तिच्यात सहसा असतेच. म्हणजे ज्या विम्याच्या भरवशावर माणूस बेफिकीर होतो, तो विमा त्या बेफिकिरीनेच पातळ होत जातो. पण हे वाचणार कोण?

मुळात लोकांना वाटतं, विमा फोनचा असतो. तो फोनचा नसतो. फोन ज्या रीतीने गेला, त्या रीतीचा असतो. पडून फुटला? कलम आहे. भिजला? बघावं लागेल. कुठे गेला, केव्हा गेला, काहीच सांगता येत नाही? मग ते ‘गूढरीत्या नाहीसं होणं’ ठरतं, आणि गूढाचे पैसे मिळत नाहीत. (ते फक्त रहस्यकथा लिहिणाऱ्यांना मिळायचे, आता त्यांनाही मिळत नाहीत.)

टीम लीडांचा फोन मनपाकडे जाणाऱ्या बसमध्ये गेला. बायपासला चढताना सॅकमध्ये होता, येरवडा आलं तेव्हा नव्हता. घरी येऊन त्यांनी बायकोच्या फोनवरून विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर संपर्क साधला.

‘‘सर, चोराने बळाचा वापर केला होता का?’’

‘‘नाही हो. मला कळलंसुद्धा नाही.’’

‘‘धक्का मारला? धमकी? एखादं शस्त्र वगैरे?’’

‘‘ताई, कळलं असतं तर मी नेऊ दिला असता का?’’

‘‘ओके सर. म्हणजे बळाचा वापर नाही, असं नोंदवते.’’

अनेक पॉलिसींच्या लेखी चोरी म्हणजे घरफोडी किंवा जबरी चोरी. कुलूप तुटलेलं हवं, गाडीची काच फुटलेली हवी, गेला बाजार मालकाच्या अंगावर एखादा ओरखडा तरी हवा. दोन बोटांत खिसा हलका करण्याची नाजूक कला तिथे ग्राह्य नाही. तेव्हा नगर रस्त्यावरच्या समस्त चोरमंडळींना या सदरातून हात जोडून विनंती आहे की, काम उरकताना कृपया एक धक्का मारावा. जमल्यास दोन शब्द दरडावून बोलावेत, शेजारच्या सीटवरच्याला ऐकू जातील असे. कसबी कारागिराने गिऱ्हाइकाचं वाटोळं करावं आणि धसमुसळ्याने त्याला भरपाई मिळवून द्यावी, असा एकूण मामला आहे. सरकारला निदान थोडी तरी कदर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला ३०४ वं स्वतंत्र कलम मिळालं. अचानक ओढा, चपळाईने ओढा की जोर लावून ओढा, गुन्हा तो गुन्हाच. कायद्याला चपळाई कळते. पॉलिसी मात्र अजून ओरखडे मोजते आहे.

पुढचा मुक्काम पोलीस ठाणं. खराडीला आता स्वतःचं ठाणं आहे, त्यामुळे चंदननगरपर्यंत जायचे श्रम वाचले. पण प्रश्न तोच राहिला.

‘‘हरवला की चोरीला गेला?’’

हा प्रश्न साधा वाटतो, पण साठ हजार रुपये त्याच्यावर टांगलेले असतात. हरवल्याची नोंद घरबसल्या ऑनलाइन होते, पावती मिळते, माणूस खूश होतो. पण ती पावती म्हणजे एफआयआर नव्हे. चोरीचा दावा करायला निघालेला माणूस स्वतःच्या हाताने ‘हरवला’ असं लिहून देतो आणि मग कंपनी अन्याय करते म्हणून चौकात ओरडतो. टीम लीड निदान इथे शहाण्यासारखे वागले. ‘‘चोरीला गेला, साहेब.’’ मग हद्दीचा प्रश्न निघाला. बस धावती, चोर अदृश्य. फोन खराडीत गेला, विमाननगरला गेला की येरवड्यात, हे एकट्या फोनलाच ठाऊक. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्द कोणाचीही असो, असं नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ वं कलम सांगतं. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत येऊन सही करायची आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट. हे सगळं टीम लीडांनी हवालदारसाहेबांना नम्रपणे सांगितलं. साहेबांनी ते तितक्याच नम्रपणे ऐकून घेतलं आणि त्यांना बसायला सांगितलं. बसणं बरंच झालं.

त्यानंतर आयएमईआय. पंधरा आकडी असतो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. पण दाबायला फोन लागतो, हे सांगणारा विसरतो. खोक्यावर छापलेला असतो, पण खोकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेलं असतं. शेवटी बिलावर सापडला. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो क्रमांक टाकून फोन बंद पाडता येतो. पोलीस तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिमकार्ड मात्र हाताशी लागतं. पुढे कोणी त्यात सिम घातलं की माग लागतो, आणि पोलीस असे फोन शोधून परतही करतात. आता यात एक बारीक गंमत आहे. कंपनीने भरपाई दिली आणि मागाहून फोन सापडला, तर तो कंपनीचा. ‘पैसेही मिळाले आणि फोनही मिळाला’ असा आनंद साजरा करणाऱ्यांनी पेढे जरा बेताने वाटावेत.

‘बिलावर सापडला’ म्हटलं खरं, पण ते बिल निघालं मेहुण्याच्या नावावर. खरेदीच्या वेळी मेहुण्याच्या क्रेडिट कार्डावर साडेतीन हजारांची सवलत होती. ‘‘दाजी, माझं कार्ड घ्या, पैसे नंतर द्या,’’ असं तो प्रेमाने म्हणाला होता. खराडीतल्या निम्म्या घरांत फोन एकाचा, कार्ड दुसऱ्याचं आणि हप्ते तिसऱ्याच्या पगारातून, हा आपल्या कुटुंबव्यवस्थेचा विजय आहे. विमा कंपनीला कुटुंबव्यवस्था कळत नाही, तिला बिलावरचं नाव कळतं. साडेतीन हजार वाचवण्याच्या नादात फोनचा कायदेशीर मालक वडगाव शेरीला राहायला गेला होता.

फोन पाण्यात पडला असता तर बरं झालं असतं, असं एकदा टीम लीड हताश होऊन म्हणाले. तेही बरं झालं नसतं. खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असतं म्हणून लोक फोन घेऊन शॉवरखाली उभे राहतात. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात होते. आमच्याकडे टँकरचं येतं. त्यात गोडवा आणि स्वच्छता किती, ते प्रयोगशाळेने ठरवावं. पाऊस झाला की बायपासला साचतं ते तर पाणी आहे की काय, यावरच दोन मतं आहेत. फोनच्या आत एक इवलीशी पट्टी असते, ओल लागली की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा ती पट्टी बघतो आणि ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटीत नाही’ असं सांगतो. ज्या कंपनीने फोन पाण्याला भीत नाही म्हणून जाहिरात केली, तिचीच वॉरंटी पाण्याला भिते. त्यासाठी वेगळा विमा लागतो, आणि फोन आधी तपकीर गल्लीत उघडून वाळवला असेल तर तोही हात झटकतो.

आणि हे सगळं ‘विमा’ असेल तर. दुकानातल्या मुलाने ‘इन्शुरन्स’ म्हणून विकलेलं अनेकदा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ असतं, म्हणजे दुरुस्तीचा करार. पावतीवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक शोधावा. नसेल, तर विमा नियामकाचा त्याच्याशी संबंध नाही, ग्राहक आयोगाचा आहे. ऑनलाइन खरेदीत तर तो प्लॅन आपण न मागता बास्केटमध्ये येऊन बसतो. काढायला जावं तर ‘नको, मी धोका पत्करतो’ अशा अर्थाची कबुली द्यावी लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला लाजवण्याच्या क्लृप्तीचं सरकारी उदाहरण विमानाच्या तिकिटाबरोबरच्या विम्याचंच आहे: विमा न घेणाऱ्याच्या तोंडी ‘मी असुरक्षित राहीन’ असं वाक्य घालणं. ते वाचून आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं. तोवर आपणच भित्रे आहोत, असा त्यांचा समज होता.

टीम लीडांचा प्लॅन सुदैवाने खरा विमा निघाला. दावा अर्थातच नाकारला गेला. नकाराच्या ई-मेलमधलं कारण वाचून ते बराच वेळ गप्प बसले. दुःख होतंच, पण शब्दरचना ओळखीची वाटत होती.

मग त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं की, सॅकला खालून ब्लेडने मारलेली तिरकी चीर आहे. ती रफू करायला टाकणार होती, तेवढ्यात यांनी सॅक हिसकावून घेतली. (अचानक, चपळाईने आणि जोर लावून.) चिरेचे फोटो काढले, पुरवणी जबाब दिला, कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र धाडलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: महिन्याभरात समाधान न झाल्यास नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. खराडीहून नारायण पेठेत जाऊन गाडी लावायला जागा शोधायची तयारी दाखवणारा माणूस काहीही करू शकतो, हे बहुधा कंपनीला कळलं असावं.

दावा मंजूर झाला. साठ हजार नव्हेत; फोन दहा महिन्यांचा होता. पॉलिसीतल्या तक्त्याप्रमाणे निम्मा घसारा गेला, राहिले तीस. त्यातून ग्राहकाने सोसायची ठरलेली रक्कम गेली, राहिले अठ्ठावीस. फोन घेऊन निर्धास्त झाले त्या दिवशी हे आकडे त्याच चौकोनाच्या खाली, निळ्या अक्षरांत, उघडायची वाट बघत होते.

नियमानुसार रक्कम विमाधारकाच्या, म्हणजे बिलावर नाव असलेल्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली. त्याला आता आठवडा झाला. टीम लीड रोज बायकोच्या फोनवरून वडगाव शेरीला फोन लावतात. मेहुणा उचलत नाही. त्याने नवीन फोन घेतलाय म्हणे, विम्यासकट.