गाळा नंबर ९१००

भिवंडीत गोदामाचा पत्ता सांगणं ज्याचं त्यानं एकदा करून बघावं. मुंबई-नाशिक महामार्ग सोडून मानकोलीहून दापोडे-वळकडे वळा, नाहीतर ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर-पूर्णा-राहनाळच्या रस्त्याला लागा, गावं थोडी आणि कंपाउंडं फार. पत्रे एका रंगाचे, शटरं एका मापाची. ‘ए-सेव्हन, गाळा नंबर चार, वजनकाट्याच्या मागे’ इतकं नेमकं सांगितलं तरी ड्रायव्हर फोन करतोच. त्याचं चुकत नाही. ए-सेव्हन प्रत्येक कंपाउंडात असते आणि वजनकाटेही पुष्कळ आहेत.

यंत्रमागांच्या या गावाभोवती गोदामांचं दुसरं गाव वसलं, त्यात जकातीचा मोठा वाटा. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरा. त्यापेक्षा तो अलीकडेच, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर उतरवून ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, असा साधा व्यापारी हिशेब. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आता कोणी दादरला घरी बसून मिक्सर मागवला, तर तो बहुधा आमच्याच बाजूच्या एखाद्या गाळ्यातून निघतो.

आमचं ऑफिस अशाच एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. खाली माल, वर माणसं, मधे लोखंडी जिना. प्रिंटर अर्थातच वर, कारण कॉम्प्युटर वर. आणि ट्रक अर्थातच खाली. माल भरून झाला, ताडपत्री बांधली, ड्रायव्हरचा चहाही झाला, तरी गाडी हलायची नाही, कारण कागद वर. मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. त्यात २०१८पासून ई-वे बिल. मोबाइलवर नंबर असला तरी चालतं, असं ड्रायव्हरला कितीदा सांगावं? रस्त्यात अडवणाऱ्या साहेबासमोर हातात कागद असला की छाती वेगळी फुगते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तर दिवसभर एक पोरगा जिन्यावरून वर-खाली करायचा. आणि वर, प्रिंटरशेजारी, बिलिंगच्या काकू.

प्रिंटर त्यांच्या नावावर नव्हता, पण यूएसबीची वायर त्यांच्या कॉम्प्युटरमधून निघायची, आणि ही वायर पाच मीटरच्या पुढे चालत नाही. साम्राज्याच्या सीमा अशाच ठरतात. इतरांनी आपली फाइल मेल करायची किंवा पेनड्राइव्ह घेऊन उभं राहायचं. काकू म्हणणार, ‘ठेवा तिथं, देते.’ कधी देतील ते नाही सांगणार. शिवाय प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचा. कोणी बायोडाटा छापला म्हणजे कोण नोकरी बदलतोय, कोणाच्या पोराची फी थकली आहे, कोणी गृहकर्जाचा अर्ज केलाय, सगळं त्यांना शेठच्या आधी कळायचं. त्यांनी कधी कुठं वाच्यता केली नाही, हे खरं. पण बायोडाटा छापणाऱ्याला त्या ‘दोनच पानं? अनुभव तर बराच आहे की तुझा’ असं म्हणायच्या, आणि तो बिचारा आणखी वर्षभर टिकायचा.

एके दिवशी शेठनी ठरवलं, प्रिंटर खाली डिस्पॅचच्या टेबलावर न्यायचा. पोरग्याच्या गुडघ्यांची दया आली असावी किंवा ट्रकच्या खोळंब्याचे पैसे मोजले असावेत. दुसरी शक्यता जास्त. वायर पुरणार नव्हती. मग नेटवर्कवाला मुलगा आला आणि म्हणाला, ‘नवा प्रिंटर कशाला? ह्याला कार्ड बसतं.’

आमचा प्रिंटर जुन्या जमान्यातला, वजनदार, दोघांनी उचलायचा. त्याच्या पाठीमागे एक पत्र्याची पट्टी होती, तिचं प्रयोजन इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मुलानं लॅमिंग्टन रोडवरून तळहाताएवढं एक जुनं कार्ड आणलं. प्रिंटर बंद केला, प्लगही काढला. पट्टीचे दोन स्क्रू बोटांनीच सुटले. आत दोन खाचा दिसल्या. कार्ड त्या खाचांतून हलकेच सरकवलं, शेवटी अंगठ्यानं दाबलं, खट्ट. स्क्रू परत आवळले. छतातून सोडलेली निळी वायर कार्डात खोचली, प्रिंटर सुरू केला आणि कार्डाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. चहा यायच्या आत सगळं झालं. ‘झालं?’ शेठनी विचारलं. ‘बसवून झालं,’ मुलगा म्हणाला, ‘आता सांगून व्हायचंय.’ म्हणजे कॉन्फिगरेशन. त्याला संध्याकाळ झाली.

कार्ड बसलं की प्रिंटर कोणाचा उरत नाही, नेटवर्कचा होतो. आणि नेटवर्कवर राहायचं तर पत्ता लागतो. इथे मला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे कंपाउंड आणि बिल्डिंग, पोर्ट म्हणजे गाळा. छापायचा माल बहुतेक प्रिंटरांत ९१०० नंबरच्या गाळ्यावर उतरतो; ही पद्धत एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांनी रूढ केली, ती कार्डं १९९१पासूनची. या गाळ्याला वॉचमन नाही. गेटपास नाही, वहीत नोंद नाही, जो माल येईल तो उतरवून घ्यायचा आणि कागदावर मारायचा. अशा प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर ‘रेडी’ लिहिलेलं असतं ना, तेसुद्धा नेटवर्कवरून कोणीही बदलू शकतो. मुलानं आम्हाला दाखवण्यासाठी रोमन लिपीत ‘चहा झाला का’ असं लिहून ठेवलं. डिस्पॅचचे दादा पडद्याकडे बघून ‘झाला’ म्हणाले.

पत्ता द्यायची सोपी तऱ्हा म्हणजे राउटरवर सोडून देणं. जे यंत्र सुरू होईल त्याला राउटर आपल्याजवळच्या यादीतला एक मोकळा पत्ता देतो. मुंबईच्या एसीतल्या ऑफिसात हे खपून जातं. आमच्याकडे मेन स्विच पडतो. लाइट परत आली की सगळे एकदम जागे होतात, स्वस्तातल्या राउटरला आधीचं काही आठवत नाही, आणि जो आधी हात पुढे करील त्याला पहिला पत्ता. सकाळी प्रिंटर जिथे राहत होता तिथे दुपारी कॅमेऱ्याचा डबा राहायला आलेला. वरची मंडळी बिलं जुन्याच पत्त्यावर पाठवतायत, डबा ती घेत नाही, आणि खाली दादा कमरेवर हात ठेवून उभे. ‘जल्ला मेला तो प्रिंटर, कागूद गेला कुठं?’ उपाय एकच, प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा, राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेरचा. मुलानं १९२.१६८.१.२०० दिला. काकूंनी तो बिलबुकाच्या मागे लिहून घेतला. त्यांच्या हातून सत्ता जात होती, पण नोंद त्या ठेवणारच.

जुन्या जेटडायरेक्ट कार्डांची एक गंमत मुलाकडून कळली. कोणी पत्ता दिलाच नाही तर ती कार्डं स्वतःच १९२.०.०.१९२ असा पत्ता लावून बसायची. म्हणजे नवीन गावात आलेल्या माणसानं आपल्याच हातानं दारावर पाटी रंगवावी आणि पोस्टमनची वाट बघावी.

मग प्रत्येक कॉम्प्युटरला हा पत्ता सांगायचा. विंडोजमध्ये ‘नेटवर्क प्रिंटर’ असा पर्याय ढळढळीत दिसतो. मुलगा तो न घेता ‘लोकल प्रिंटर’वर क्लिक करतो. शेठ मागून म्हणाले, ‘अरे, लोकल कुठला? तो तर खाली आहे.’ ‘शेठ, असंच असतं.’ आणि खरंच असंच असतं. लोकल म्हणायचं, मग नवीन पोर्ट बनवायचा, त्यात नेटवर्कचा पत्ता भरायचा. पुढे आणखी एक मेख आहे: पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपीची एक खूण आधीपासून केलेली असते. ती तशीच राहिली तर प्रिंटर ठणठणीत असताना कॉम्प्युटर कधीकधी तो ‘ऑफलाइन’ आहे असं ठासून सांगतो. खूण काढली की दोघांत समेट होतो.

शेवटचा घोळ कागदाच्या मापाचा. पहिलं बिल पाठवलं आणि पडद्यावर ‘लोड लेटर’ आलं. दादांनी विचारलं, ‘कोणाचं लेटर?’ लेटर हे अमेरिकेतलं कागदाचं माप, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. प्रिंटर आणि त्याचा कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर तिकडच्या मापावर ठेवलेला असला की तो इकडच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसून लेटरची वाट बघत राहतो. जुन्या लेसरजेटवर याच्याही आधी ‘पीसी’ अशी दोन अक्षरं यायची. लोकांना वाटायचं कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलं. ते असायचं पेपर कॅसेट, म्हणजे कागदाचा ट्रे. अमेरिकेतच या संदेशावर लोक इतके वैतागले की ‘ऑफिस स्पेस’ नावाच्या १९९९च्या सिनेमात प्रिंटरचा शेवट शेतात नेऊन बेसबॉलच्या बॅटनं झाला. आमचा वाचला, कारण तो उचलून शेतात न्यायला दोन माणसं लागली असती आणि हमाली कोण देणार?

एक गोष्ट मला फार आवडते. आपण समजतो, आधी नेटवर्क आलं आणि मग कोणीतरी त्याला प्रिंटर लटकवला. प्रत्यक्षात दोघं जोडीनंच आले. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत गॅरी स्टार्कवेदरनं लेसर प्रिंटर उभा केला होता, सेकंदाला एक पान छापणारा. एवढा महागडा प्रिंटर एका टेबलाशेजारी कसा ठेवणार? तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांना तो वापरता यावा, हे तिथल्या नेटवर्कचं एक मोठं निमित्त. मे १९७३मध्ये बॉब मेटकाफनं इथरनेटचं टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्जच्या साथीनं ते उभं केलं. आमच्या छतातून लोंबणारी निळी वायर ही त्याच घराण्यातली. तिला शंभर मीटर मोकळीक आहे, म्हणजे आमचा अख्खा गाळा ओलांडून बाजूवाल्याच्या शटरपर्यंत.

पण लांबच्या प्रिंटरचं दुखणंही तेव्हापासूनचं. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचाच एक प्रिंटर वेगळ्याच मजल्यावर असायचा. कागद अडकला की छापायला देणाऱ्याला पत्ता नाही; तिथवर जाऊन बघावं तर रांग तशीच तुंबलेली. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमननं ‘कागद अडकलाय’ असा निरोप धाडायची सोय केली होती. नव्याचा सोर्स कोड मिळेना, आणि ज्याच्याकडे तो होता त्यानं द्यायला नकार दिला. तो राग त्याच्या डोक्यात राहिला. १९८३मध्ये त्यानं जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची गोष्ट सांगताना तो स्वतः या प्रिंटरपासून सुरुवात करतो. आमच्याकडे हा निरोप दादा देतात, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, सगळ्या कंपाउंडाला ऐकू जाईल असा. सोर्स कोड लागत नाही.

बिल्टीचा, म्हणजे ट्रकबरोबरच्या मालपावतीचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र वरच राहिला. चार प्रतींच्या कार्बनवर सुयांचा मार बसावा लागतो, लेसरला मारता येत नाही. तेव्हा त्याची करकर आणि काकू अजून एकाच टेबलावर आहेत.

बाकी बदललं ते असं. ट्रक लवकर सुटतात. पोरगा आता जिन्यावर कमी आणि मोबाइलवर जास्त असतो. आणि खालच्या ट्रेमध्ये बेवारस कागद साठतात. पूर्वी कागद मागायला तोंड उघडावं लागायचं, म्हणून माणूस नेमकं लागेल तेवढंच छापायचा. आता वरून कोणीही क्लिक करतो आणि खाली उतरायचा कंटाळा करतो. संध्याकाळी दादा गठ्ठा घेऊन उभे असतात: कोणाचं तरी वीजबिल, कोणाच्या मुलीची हॉलतिकिटं, रेल्वेचं तिकीट, आणि एकदा एक बायोडाटा. त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. वरून काकू म्हणाल्या, ‘दादा, तो वाचू नका, वर पाठवून द्या.’ ज्याचा होता तो अजून आमच्याकडेच आहे.

माझं मत विचाराल तर कार्ड बसवावंच. जुना धडधाकट प्रिंटर भंगारात घालण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं, आणि एका टेबलाच्या मर्जीवर ट्रक उभा ठेवण्यात काही शहाणपण नाही. फक्त प्रिंटरचा पत्ता कायमचा द्या आणि त्याच्याच कपाळावर चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्या मुलाची अर्धी संध्याकाळ वाचेल. कागदाचं माप पहिल्याच दिवशी ए-फोर करा. आणि ट्रेमध्ये दुसऱ्याचा कागद दिसला, तर उपडा करून ठेवा.